रान कुणाचं, पीक कुणाचं: गाण्याचा पैसा कुठे जातो?

१४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटसमोर पाय ठेवायला जागा नसते. नामविस्तार दिनाला सगळ्या मराठवाड्यातून माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, गेटपासून लांबपर्यंत भीमगीतं वाजत राहतात. काही वर्षांपूर्वी याच गर्दीत मला जालना जिल्ह्यातले एक शाहीर भेटले. वय सत्तरीच्या घरात. शेजारच्या स्टॉलवर पेन ड्राइव्ह विकायला ठेवले होते आणि स्पीकरवर एक गाणं चालू होतं. काका थांबले, मुखडा पुरा होईपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे गाणं माझं हाय. शब्द माझे, चाल माझी, आवाजबी माझाच. पण ह्याचा रुपया मला कधी भेटला नाही."

का भेटला नाही, हे त्यांना सांगता सांगता संध्याकाळ झाली. तेच इथे जरा सावकाश सांगते.

आधी मी कोण, ते सांगायला हवं. मी रॉक गायची. २००० नंतरची पाच-सहा वर्षं याच शहरातल्या एका बँडची मी गायिका होते. इंजिनिअरिंग कॉलेजांची गॅदरिंगं, कधी पुणे, एकदा मुंबई. मग स्वरयंत्रावर गाठ आली, ऑपरेशन झालं आणि वरचे सूर परत आले नाहीत. बँड सुटला. पुण्यातल्या एका संगीत कंपनीत मी कागदपत्रांच्या टेबलावर नोकरीला लागले. एक गाणं विकतात म्हणजे त्यातलं नेमकं काय काय विकतात, ते तिथे पहिल्यांदा कळलं. आता गावी परत येऊन मी गायक, शाहीर, गोंधळी यांचे हक्क नोंदवण्याचं आणि वसुलीवर लक्ष ठेवण्याचं काम करते. गाणं थांबलं, पण गाण्याचा धंदा मला नीट समजला तो गाणं थांबल्यावरच.

एका गाण्यात दोन मालमत्ता

सगळा घोळ इथे आहे. आपण 'गाणं' हा एकच शब्द वापरतो, पण कायद्याला त्यात दोन वेगळ्या वस्तू दिसतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ते शब्द, ती चाल कुणीतरी एका दिवशी स्टुडिओत गाऊन भरलेलं रेकॉर्डिंग.

शब्द-चाल म्हणजे रान समजा आणि रेकॉर्डिंग म्हणजे त्या रानात घेतलेलं पीक. एकाच रानात यंदा सोयाबीन, पुढच्या साली तूर. तसं एकाच गाण्याचं आज एका गायिकेनं रेकॉर्डिंग केलं, दहा वर्षांनी दुसऱ्यानं केलं. रान तेच, पिकं दोन. रान एकाचं आणि पीक दुसऱ्याचं, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बटईनं म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिलेलं रान, ठोक्यानं म्हणजे ठरलेल्या रकमेवर दिलेलं रान, हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो.

रानाचे पहिले मालक म्हणजे शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा. पिकाचा मालक कोण? इथे बहुतेक गायक फसतात. आवाज माझा, म्हणजे रेकॉर्डिंग माझं, असं त्यांना वाटतं. कायदा म्हणतो की रेकॉर्डिंग घडवून आणायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली तो त्याचा निर्माता, आणि मालकी त्याची. व्यवहारात हा माणूस म्हणजे ज्यानं स्टुडिओचं भाडं दिलं, वादकांची बिदागी दिली तो. नुसता गाणारा, ज्यानं लिहिलं नाही, चाल लावली नाही आणि पैसेही घातले नाहीत, तो रानाचाही मालक नसतो आणि पिकाचाही.

रॉकच्या दुनियेतलं एक उदाहरण मी नेहमी देते. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात अंडरटोन्स नावाचा बँड होता आणि फर्गल शार्की त्याचा गायक. १९७८ साली आलेलं त्यांचं गाणं आजही वाजतं आणि ऐकणारा पहिल्या ओळीत शार्कीचा आवाज ओळखतो. पण ते लिहिलं बँडचा गिटारवादक जॉन ओ'नील यानं. पुढे १९८५ मध्ये शार्कीचं एकट्याचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही त्याचं नव्हतं, मारिया मॅकी या अमेरिकन गायिकेनं लिहिलेलं होतं. म्हणजे आवाज घराघरांत आणि रान दुसऱ्यांच्या नावावर. शार्कीनं नंतर गाणं बाजूला ठेवलं. पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीसाठी तो नवे कलाकार शोधू लागला आणि २००८ मध्ये यूके म्युझिक या संस्थेचा प्रमुख झाला. ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांपासून रेकॉर्ड कंपन्यांपर्यंत सगळ्यांची बाजू सरकारपुढे मांडणारी ही संस्था. २०११ पर्यंत तो त्या पदावर होता. मंचावरून उतरलेला गायक वाटाघाटीच्या टेबलावर इतका उपयोगी ठरू शकतो, हे मला त्याच्याकडे बघून पटलं.

माझ्या बँडचंही असंच झालं होतं. आम्ही सहा गाणी रेकॉर्ड केली आणि एका कंपनीनं पुढे केलेल्या दोन पानांवर सह्या केल्या. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे' ही ओळ मी तेव्हा वाचली होती. वाचून मला अभिमान वाटला होता, की बघा, आपलं गाणं यांना कायमचं हवंय. त्या ओळीचा अर्थ मला चार वर्षांनी, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर समजला.

कायदा कसा बदलत गेला

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निर्मात्यानं मोबदला देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क निर्मात्याचा. त्यानंतर पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांचे हात रिकामे राहिले. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडलं आणि आपल्या देशात गायकाला हक्कच नाही याची खंत त्यात व्यक्त केली. मला हे टिपण फार मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या कलाकारांनी आवर्जून लक्षात घ्यावी. कायद्याच्या जुन्या व्याख्येत 'संगीत' म्हणजे कागदावर उतरवलेली सुरावट. आमचे गोंधळी, आमचे भारूडकार कधी स्वरलिपी लिहायला बसले? ती अट १९९४ च्या दुरुस्तीत गेली. गळ्यातली चालही आता कायद्याच्या दृष्टीनं संगीतच आहे. गायक-वादकांचे हक्कही याच दुरुस्तीनं पहिल्यांदा कायद्यात आले.

खरी उलथापालथ झाली २०१२ मध्ये. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. या दुरुस्तीनं असं ठरवलं, की गीतकार-संगीतकारानं गाणं कंपनीला लिहून दिलं तरी गाण्याच्या रॉयल्टीत त्याचा कंपनीच्या बरोबरीचा वाटा राहतो. सिनेमा थिएटरात दाखवला जातो तेवढं सोडून. हा वाटा तो आपल्या वारसांना देऊ शकतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे सोपवू शकतो, बाकी कुणालाच नाही. 'मी रॉयल्टी सोडून देतो' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तरी ते निरर्थक ठरतं. कागदावर सही झाली म्हणून खचलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. मागोमाग २०१३ मध्ये गायकांची वेगळी संस्था नोंदली गेली, ती आता आयसॅमरा या नावानं ओळखली जाते. आयपीआरएसला नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये.

पैसा येतो कसा

ऐकायच्या ॲपवर गाणं एकदा वाजलं की ठरावीक इतके पैसे, असा समज आहे. तसा दर नसतो. महिन्याची एकूण कमाई जमते, ॲप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेली रक्कम सगळ्या गाण्यांत, जे जितकं ऐकलं गेलं त्या प्रमाणात वाटली जाते. समजा वाटायला १ कोटी रुपये आहेत आणि त्या महिन्यात सगळी गाणी मिळून १० कोटी वेळा ऐकली गेली. तुमचं गाणं १०,००० वेळा ऐकलं गेलं, तर तुमच्या वाट्याला १,००० रुपये. पुढच्या महिन्यात तुमचा आकडा तोच राहिला, रक्कमही तेवढीच, पण एकूण ऐकणं २० कोटींवर गेलं तर ५०० रुपये. म्हणून "लाख व्ह्यूज झाले, आता किती मिळतील?" या प्रश्नाला मी आकडा सांगत नाही.

आणि हे १,००० रुपये एका खिशात जात नाहीत. त्यातला मोठा भाग पिकाच्या मालकाकडे जातो आणि मधला वितरक त्यातून आपलं कमिशन कापतो. लहान भाग रानासाठी वेगळा निघतो आणि आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत येतो. गाण्याचे प्रकाशनहक्क, म्हणजे शब्द-चालीचे हक्क, कंपनीकडे असतील तर साधारणपणे निम्मे कंपनीला, पाव गीतकाराला, पाव संगीतकाराला. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, मॉल, मोठे कार्यक्रम इथूनही रानाचा पैसा याच वाटेनं येतो. जाहिरातीत किंवा वेबसीरिजमध्ये गाणं घ्यायचं असेल तर रानाचा मालक आणि पिकाचा मालक, दोघांचीही परवानगी लागते. तिथे रक्कम घासाघीस करून ठरते, आणि आमच्यासारख्यांची खरी गरज तिथेच पडते.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते वरातीबद्दल. गाणं लग्नसराईत गावोगाव वाजतं, मग त्याचं काय? कायद्यानं धार्मिक विधी आणि लग्नाची वरात, लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट दिली आहे. तिथे वाजवणं हा हक्कभंग धरत नाहीत. या सुटीची हद्द कुठपर्यंत, यावरून कोर्टकज्जे झालेले आहेत, पण शाहिरानं वरातीच्या पैशावर हिशोब मांडू नये हे खरं.

चाल दुसऱ्याची असेल तर

हा भाग थोडा अवघड जागेचा आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्याकडची कितीतरी भीमगीतं, देवीची गाणी, निवडणुकीची गाणी गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर बांधलेली असतात. गायन पार्टीला त्यामुळे बळ मिळतं, माणसं लगेच कोरस धरतात. मंचावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण यूट्यूबवर टाकलं की प्रश्न येतो. शब्दांपुरतं रान तुमचं, चालीपुरतं दुसऱ्याचं. यूट्यूबकडे मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक नवं गाणं ताडून बघणारी यंत्रणा आहे. जुळलं तर मालक ते बंद करू शकतो, किंवा चालू ठेवून त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो. "माझ्याच गाण्यावर दावा आला" म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बऱ्याच वेळा कारण हेच निघतं.

पारंपरिक गाण्यांचा हिशोब वेगळा. पैठणच्या एकनाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला. त्यांच्या भारुडांवर कुणाचाही कॉपीराइट नाही, कुणीही गावीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, मग ते रान सगळ्यांचं होतं, गायरानासारखं. पण त्याच भारुडाचं तुम्ही पैसे घालून रेकॉर्डिंग केलंत तर ते पीक तुमचं, आणि तुमचं रेकॉर्डिंग उचलून दुसरा विकू शकत नाही. उलट बाजूला भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक. त्यांचं निधन २००४ मध्ये झालं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. "दादांची गाणी समाजाची" असं लोक प्रेमानं म्हणतात आणि ते भावनेनं खरंच आहे. तरी व्यावसायिक रेकॉर्डिंग करताना हक्क कुणाकडे आहे ते शोधून परवानगी घ्यावी. गीतकाराचं नाव तरी लिहावंच लिहावं. पेन ड्राइव्हवरच्या कित्येक गाण्यांखाली लिहिणाऱ्याचं नावच नसतं, हे बघून मला दर वेळी त्रास होतो.

सही करण्याआधी

हक्क लिहून द्यायचा तर तो लेखी आणि सही केलेलाच लागतो. तोंडी दिला तर दिला असं होत नाही. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर २०१२ नंतरच्या करारात ते आपोआप जात नाही. म्हणून एखाद्यानं कागद पुढे केला की मी आधी या तीन जागा बघते: वर्षं, प्रदेश, माध्यमं. त्यानंतर बघते की तो रान घेतोय, पीक घेतोय की दोन्ही. बऱ्याच कागदांत शीर्षक रेकॉर्डिंगचं असतं आणि चौथ्या-पाचव्या कलमात शब्द-चालही गुंडाळलेली असते. एकरकमी पैसे घ्यायला माझा विरोध नाही. पोरीचं लग्न अंगावर आलेल्या माणसाला मी "थांबा, रॉयल्टी येईल" असं सांगू शकत नाही. पण एकरकमी घेताना ते पाच वर्षांच्या ठोक्याचे घेताय की खरेदीखताचे, हे माहीत असावं.

आता नोंदणी. नोंदणी केली नाही तरी कॉपीराइट असतोच, गाणं तयार झालं त्या क्षणी. मग संस्थेत नाव कशाला घालायचं? ई-पीक पाहणीचं आठवा. शेत तुमचंच असतं, पेरणीही तुम्हीच केलेली असते, पण पाहणीत पिकाची नोंद नसेल तर अनुदानाच्या यादीत नाव शोधत बसावं लागतं. गाण्याचंही तसंच आहे. पैसे गोळा होतात, पण ते कुणाचे हे यादीवरून ठरतं. शब्द-चालीला आयएसडब्ल्यूसी नावाचा क्रमांक असतो, तो रानाचा गट नंबर. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो पिकाचा. हे दोन एकमेकांना जोडलेले नसतील तर पीक विकलं जातं आणि रानाच्या मालकाचा पत्ता लागत नाही. नावाची स्पेलिंगं हा आणखी एक ताप. कॅसेटवर एक, आधारवर दुसरं, यूट्यूबवर नातवानं टाकलेलं तिसरं. माझ्या कामातला निम्मा वेळ या तीन नावांचा एक माणूस करण्यात जातो.

आता जालन्याच्या काकांकडे येते. त्यांची गाणी नव्वदच्या दशकात एका कॅसेटवाल्यानं भरून घेतली होती. जाण्या-येण्याचं भाडं, जेवण आणि थोडी बिदागी दिली. कागद म्हणाल तर एकही नाही. काकांना वाटत होतं की कागद नाही म्हणून आपला काही हक्क उरला नाही. खरं उलटं होतं. रेकॉर्डिंग त्या कॅसेटवाल्यानं पैसे घालून केलेलं, त्यामुळे ते पीक त्याचं. काकांच्या नातवानं तेच यूट्यूबवर चढवलं आणि त्यावर दावा आला, तोही त्या हिशोबानं बरोबरच होता. पण शब्द आणि चाल काकांनी कुणाला लेखी दिलीच नव्हती. रान त्यांच्या हातून कधी गेलंच नव्हतं.

मग आम्ही दोन कामं काढली. पहिलं, आयपीआरएसच्या सभासदत्वाचे कागद: पॅन, बँकेचा तपशील, प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा पुरावा आणि वारस म्हणून सुनेचं नाव. मागच्या वर्षांचं फारसं हाती लागणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. दुसरं, नवं पीक. ज्या गाण्यांची चाल पूर्ण त्यांची आहे, अशी अकरा गाणी निवडली आणि शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केली. खर्च नातवानं केला आणि मालकी आजोबा-नातवाची निम्मी निम्मी, असा दोन पानी कागद केला. आवाज पूर्वीसारखा चढत नाही म्हणून काका नाही म्हणत होते. आम्ही पट्टी दोन स्वरांनी खाली घेतली. मी काचेच्या या बाजूला बसले होते. तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज जरा फाटला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, चालू द्या.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते बसनं येतात आणि आम्ही वही घेऊन बसतो. पहिली ओळ, शब्द कुणाचे, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायलं, रेकॉर्ड झालं असेल तर पैसे कुणी घातले, असे पाच रकाने आहेत. गाण्याची पहिली ओळ आठवली नाही की ते डोळे मिटून कडव्यापासून सुरू करतात आणि उलटे मुखड्यापर्यंत येतात. आतापर्यंत १४२ गाणी लिहून झाली आहेत. त्यांतली ३७ सिनेमाच्या चालीवरची आहेत, ती आम्ही मागच्या पानांवर वेगळी ठेवली आहेत.